काकूंच्या ओट्याची फाइल

ओटेवाल्या काकांनी आजवर किती लोकांची स्वयंपाकघरं आखून दिली, ते त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. ओटा किती उंच, बेसिन कुठे, कपाटाचं दार डावीकडे उघडायचं की उजवीकडे, ह्यावर एखादा माणूस इतका गंभीर होऊ शकतो, हे त्यांच्याकडे बघूनच पटायचं. वरच्या मजल्यावर घर, खाली दुकान. दुकानात एक मोठं टेबल, भिंतीला टेकवलेले प्लायवूडचे आणि लॅमिनेटचे नमुने, आणि खिडकीशी कॉम्प्युटर. काका सकाळी त्याच्यापुढे बसले की जेवायलाच उठत. फोन, नमुने, गिऱ्हाइकांच्या वेळा आणि खुद्द काका, एवढा सगळा कारभार काकू सांभाळत.

आणि ह्या दुकानाच्या बरोब्बर डोक्यावर काकूंचं स्वयंपाकघर होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो कसा असतो, हे कुणाला बघायचं असेल तर त्यानं जिना चढून वर यावं. तिथला ड्रॉवर आधी उचलायचा आणि मग कमरेनं ढकलायचा. वरच्या कपाटाचं दार बिजागरीत पुठ्ठ्याची घडी कोंबून कसंबसं उभं केलेलं. दिवा नेमका पाठीमागे, त्यामुळे काकू वर्षानुवर्षं स्वतःच्याच सावलीत भाजी चिरत आलेल्या. कोपऱ्यातल्या खोल कपाटाला त्या विहीर म्हणत, कारण त्यात गेलेलं भांडं पुन्हा दिसत नसे. ओटा आधीच्या घरमालकाच्या मापाचा होता, आणि तो गृहस्थ ताडमाड असला पाहिजे. काकू पायाखाली एक फळी घेऊन उभ्या राहत.

ह्याबद्दल काकांना कधीही विचारा, उत्तर ठरलेलं.

"अगं, तुझं ड्रॉइंग कधीच तयार आहे. फाइल तेवढी सापडत नाहीये."

ही पळवाट चांगली भक्कम होती, कारण काकांच्या कॉम्प्युटरवर फाइल न सापडणं हे रोजचंच. फोल्डरच्या पोटात फोल्डर, त्याच्या पोटात आणखी एक. एकाचं नाव 'नवीन', त्याच्या आत 'नवीन नवीन', त्याच्या आत 'आत्ताचं', आणि 'आत्ताचं'मध्ये जे काही होतं ते सगळं लेक शाळेत असतानाचं. बरं, फोल्डर सापडला तरी फाइल ओळखू येईल म्हणता? छे! काकांना माणसांची नावं लक्षात राहत नसत. चेहरे राहत, भिंतींची मापं तर स्वप्नातही पाठ असत, पण नावं नाहीत. म्हणून गिऱ्हाईक दुकानात आल्याआल्या जे पहिलं वाक्य बोलेल, तेच ते फाइलला देऊन टाकत.

"माणूस आल्याआल्या जे बोलतो ना, तेच त्याचं खरं दुखणं," ते म्हणत. "नंतरची सगळी सजावट."

त्यामुळे कॉम्प्युटरवर 'पाहुणे फार येतात' होतं, 'झुरळं कुठून येतात कळत नाही' होतं, 'सासूबाईंना विचारू नका' होतं. 'आम्ही नुसतं बघायला आलोय' हे त्या वर्षातलं सगळ्यात मोठं काम झालं होतं.

मध्यंतरी लेक चार दिवस राहायला आली. ती दुसऱ्या शहरात नोकरीला, आणि नोकरीही कॉम्प्युटरचीच. बाबा एक फाइल शोधताहेत हे तिनं चहा घेता घेता पाहिलं. चहा संपला, कप धुऊन झाला, तरी बाबा शोधतच होते. तिनं कपाळाला हात लावला आणि त्यांना खुर्चीवरून उठवलं.

"बाबा, आता हे बघा. ही दोन बटणं एकदम दाबायची. पडद्याच्या मधोमध पट्टी येते, दिसली? आता हिच्यात नावातलं काहीही टाका. पहिलं अक्षर टाकलं की लगेच खाली नावं यायला लागतील. जसजसं टाइप कराल तसतशी नको असलेली गळून जातील. कुठे ठेवलंय ते आता विसरा. नाव काय होतं तेवढंच आठवा."

"तेवढंच!" काकू म्हणाल्या.

"आणि जी फाइल तुम्ही सारखी उघडाल ना, ती ही पट्टी आपोआप सगळ्यांच्या वर आणते. तुमच्या सवयी शिकते ती."

"ह्यांच्या सवयी? मला शिकताना निम्मं आयुष्य गेलं. बघू पट्टीला किती दिवस लागतात."

काकांना काही हे पटलं नाही. आपलं सगळं आपल्या डोक्यात आहे, आपल्याला असल्या पट्ट्याबिट्ट्यांची गरज नाही, असं त्यांनी लेकीला स्टेशनवर सोडायला जातानाही ऐकवलं. काकूंना मात्र पट्टीचा लळाच लागला. बटणं दाबायची, 'विजे' एवढंच टाकायचं, की विजेचं बिल हजर. 'गॅर' म्हटलं की मिक्सरची गॅरंटी. इतकी वर्षं काखेत कळसा आणि गावाला वळसा चालला होता, तो एकदाचा थांबला. काका नमुन्यांच्या कपाटामागून हे सगळं बघत आणि म्हणत, "मी नाही बाई त्या पट्टीला हात लावत."

एकच गोष्ट काकूंनी पट्टीला विचारली नव्हती. स्वतःच्या ओट्याची फाइल. हात कितीदा तरी बटणांवर गेला आणि परत आला. कारण लेकीनं जाता जाता सांगितलं होतं, "आई, ही जादू नाही हं. जे कॉम्प्युटरवर आहे तेच दाखवणार." म्हणजे आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जोवर फाइल सापडत नव्हती तोवर ती कुठेतरी आहे असं म्हणता येत होतं. काकूंना भीती वाटत होती ती ह्याचीच, की शोधायला जावं आणि ती कधी काढलीच नव्हती असं निघावं.

पण त्या दिवशी सकाळी मिस्त्रींचा फोन आला. हे मिस्त्री काकांची सगळी कामं करायचे. बोटाला बँडेज आणि कानाला पेन्सिल नाही असे ते कुणी पाहिलेच नव्हते.

"काकू, एका साइटवर भिंतीला ओल निघाली. काम लांबलं. हा आठवडा मी मोकळा आहे. तुमचा तो ड्रॉवर मला खाली दुकानात ऐकू येतो हो, लाज वाटते. ह्याच आठवड्यात तुमचं स्वयंपाकघर करून टाकू. संध्याकाळी येतो, ड्रॉइंग तेवढं काढून ठेवा."

"आणि नाही निघालं तर?"

"तर हॉटेलवाले मागे लागलेत. त्यांना हो म्हणतो. पण मग ते काम धरलं की तुमचं पुढच्या वर्षावर गेलं बघा."

काकूंनी फोन ठेवला आणि काकांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. सगळं सांगितलं. काकांचा चेहरा गणिताच्या तासाला फळ्यापाशी बोलावलेल्या पोरासारखा झाला.

"आज? आजच्या आज?"

"तयार आहे म्हणता ना?"

"तयार म्हणजे... आहेच की."

"मग द्या."

"सापडायला नको का?"

"उठा," काकू म्हणाल्या, आणि खुर्ची स्वतःकडे ओढली.

त्यांनी दोन बटणं दाबली. पट्टी उघडली. काकूंनी पदर खोचला, चष्मा लावला आणि सरळ 'बायको' असं टाइप केलं. खाली नावं आली: 'बायको म्हणेल तसं', 'बायकोला सांगू नका सरप्राइज आहे', 'बायको माहेरी गेलीय तोवर उरका'.

"ह्या शेवटच्या गृहस्थाचं पुढे काय झालं?"

"ती लवकर परत आली," काका म्हणाले. "अर्ध्यावर बंद आहे काम."

काकूंनी 'घरचं' टाकून पाहिलं. 'घरचं कुणी ऐकत नाही' आलं, ते एका वकिलांचं होतं. 'आमचं' टाकलं तर 'आमचं आपलं साधंच असतं' आलं, आणि त्याच साध्या माणसांनी ओट्याला परदेशी दगड लावून घेतला होता. मग काकूंनी जरा थांबून, काकांकडे न बघता, 'कटकट' असं टाइप केलं. 'कटकट नको बाबा' वर आलं.

"हे बँकेतल्या साहेबांचं," काका पटकन म्हणाले. "आणि तू स्वतःला त्या नावानं शोधतेयस. मी काही बोललेलो नाही हं."

"तुम्ही बोलूच नका. तुम्ही फक्त नाव सांगा."

"आठवत नाही गं."

"अख्ख्या गल्लीच्या खिडक्यांची मापं आठवतात, आणि बायकोच्या फाइलीचं नाव आठवत नाही."

ह्यावर काका काही बोलणार तेवढ्यात दार उघडून डॉक्टरीणबाई आल्या. ह्या दातांच्या डॉक्टर, पलीकडच्या रस्त्यावर दवाखाना. त्यांच्या स्वयंपाकघराचं काम ठरून बरेच दिवस झाले होते, पण बेसिनची जागा काही नक्की होत नव्हती. त्या येऊन काकूंच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या, जिथून पडदा अगदी स्वच्छ दिसतो.

"माझं ड्रॉइंग जरा बघायचं होतं."

काकू आधीच शोधण्याच्या नादात. त्यांना ह्या बाईंची फाइल पक्की माहीत होती. विचार न करता त्यांनी पट्टीत 'न' टाकला. नुसता एक 'न'. त्याबरोबर नावं पटापट खाली उतरली: 'नणंदेच्या घरासारखं हवं', 'नणंदेच्या घरासारखं नको', 'नको इतका उजेड धूळ दिसते', आणि त्यांच्या खाली 'नवऱ्याला विचारून सांगते'.

काकूंचा हात हवेतच राहिला. काकांनी मापाची टेप उचलली आणि ज्याला मापायची काहीच गरज नव्हती ते टेबल मापायला घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळी नावं नीट वाचली. एक्स-रे बघतात तशी मान जरा तिरकी करून.

"हे शेवटचं मी म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी. ह्या दारात उभी राहून."

"अहो, ते आपलं काकांचं काहीतरी," काकू म्हणाल्या. "आल्यावर जो जे पहिलं बोलेल ते फाइलीचं नाव. त्यांना नावं लक्षात राहत नाहीत ना."

"आणि हे नाव माझ्यावर कायमचं?"

"बदलता येतं," काका टेबलाखालून म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी ते नाव पुन्हा एकदा वाचलं. मग हसू आलं त्यांना, आधी थोडं आणि मग पर्स खाली पडेपर्यंत. "खरं सांगू? मी त्यांना अजून विचारलंच नाहीये. त्यांना बेसिन म्हणजे काय तेही धड माहीत नाही, हात धुतात तेवढंच. बदला नाव. बेसिन खिडकीखालीच घ्यायचं. विचारत नाही कुणाला."

काकूंनी तिथल्या तिथे नाव बदललं. 'विचारत नाही बेसिन खिडकीखालीच.' डॉक्टरीणबाईंनी ते वाचलं आणि खुर्चीत ताठ बसल्या. मग सकाळपासून काय शोधताय म्हणून त्यांनी चौकशी केली, आणि काकूंनी सगळं रामायण सांगितलं.

"मग सोपं आहे," डॉक्टरीणबाई जाताना दारातून म्हणाल्या. "तुम्हीही ह्यांच्याकडे कधीतरी पहिल्यांदा काहीतरी म्हणाला असाल. ते आठवा."

सोपं आहे म्हणायला बाईंचं काय जात होतं! काकूंनी आपल्या स्वयंपाकघराबद्दल काय काय म्हटलं होतं त्याची मोजदाद करायला बसलं तर दुपार पुरली नसती. त्यांनी 'ड्रॉवर' टाकलं. 'उजेड' टाकलं. 'विहीर' टाकलं, तर पट्टीला विहीर ठाऊकच नव्हती. 'ओटा उंच' टाकल्यावर एक नाव आलं, पण ते निघालं एका बुटक्या जोडप्याचं. 'फळी', 'पुठ्ठा', 'सावली', 'कंबर'. 'किती वर्षं' टाकलं तर 'किती वर्षं टिकेल ते आधी सांगा' आलं. सगळ्या गावाची दुखणी एकेक करून पडद्यावर येऊन गेली. काकूंचं एकही आलं नाही.

जेवणं झाली. दुपार उतरायला लागली. काका एरवी काहीतरी टोमणा मारून मोकळे झाले असते. आज ते उठले आणि वर गेले. वरून कपांचा आवाज आला, मग ड्रॉवर उघडल्याचा, मग तो बंद करायच्या प्रयत्नाचा. पुन्हा प्रयत्नाचा. मग काही तरी पडलं. काका खाली आले तेव्हा हातात दोन कप चहा होता आणि चेहऱ्यावर हार.

"बंद नाही होत तो," ते म्हणाले.

"उचलून ढकलायचा असतो. कमरेनं."

काकूंनी चहाला हात लावला नाही. त्यांना आता वाईट वाटायला लागलं होतं, अगदी मनापासून वाईट. ओट्याचं एवढं नव्हतं. फळीवर उभं राहून इतकी वर्षं निघाली, आणखीही निघाली असती. पण ज्या माणसानं लोकांच्या झुरळांचा, नणंदांचा आणि पाहुण्यांचा एवढा विचार केला, त्यानं आपला एकदाही केला नाही, आणि वर सापडत नाही म्हणून सांगत राहिला, हे त्यांना लागलं होतं.

"एकदा खरं सांगा," त्या म्हणाल्या. "रागावणार नाही मी. काढलंय की नाही?"

"काढलंय गं."

"मग नाव सांगा."

काका कपातल्या चहाकडे बघत राहिले. "नाव सांगितलं तर तू उघडशील."

"मग? फाइल उघडायची नसते तर काय पुसून ठेवायची असते?"

"अजून नीट झालेलं नाही ते."

झालं. काकूंना जे समजायचं ते समजलं. सकाळी 'तयार आहे', मग 'आठवत नाही', आणि आता 'नीट झालेलं नाही'. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही जुनीच तऱ्हा. त्यांनी पट्टी बंद केली आणि लॅमिनेटचे नमुने पुसायला घेतले, जे त्यांनी सकाळीच पुसले होते.

उन्हं कलता कलता मिस्त्री आले. कानाला पेन्सिल, खिशात टेप. टेबलाच्या कडेला टेकून त्यांनी आधी काकूंकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि घरात काहीतरी बिनसलंय हे त्यांच्या लक्षात आलं.

"काय काकू? काढलं का ड्रॉइंग?"

"नाही सापडत."

"काका?"

काकांनी गार झालेल्या चहाचा कप तोंडाला लावला. मिस्त्रींनी डोकं खाजवलं. "मग कसं करू? हॉटेलवाल्यांना हो सांगू?"

"सांगा," काकू म्हणाल्या. नमुन्यांवरून फडकं फिरवत, मान वर न करता. "माझं काय, चालतंय."

काकांना ठसका लागला. चांगला जोरदार, चहा शर्टावर सांडण्याइतका. काकूंनी वर पाहिलं. ठसका लागलेला माणूस पाण्याकडे बघतो, निदान शर्टाकडे बघतो. काका बघत होते कॉम्प्युटरकडे.

चोराच्या मनात चांदणं. काकूंनी फडकं खाली ठेवलं.

त्या खुर्चीत बसल्या. दोन बटणं दाबली. पट्टीत 'म' टाकला, पुढे काना देणार होत्या, पण त्याची गरजच पडली नाही. खाली नावं आली. 'मला डावा हात आहे', 'माळ्यावर जागा काढा', 'मुलं सगळं सांडतात'. आणि त्या सगळ्यांच्या वर, अगदी पट्टीला चिकटून: 'माझं काय चालतंय'.

सगळ्यांच्या वर. काकूंना लेकीचं बोलणं आठवलं. सारखी उघडाल ती आपोआप वर येते.

"तुम्ही पट्टीला हात लावत नाही ना?" त्यांनी विचारलं.

काका शर्ट पुसत होते. त्यांना ऐकू आलं नसावं.

काकूंनी ते नाव उघडलं. ती एक फाइल नव्हती, फोल्डर होता, आणि त्यात एकाखाली एक फाइली लागलेल्या. पहिलीचं नाव नुसतंच 'माझं काय चालतंय'. तिच्या खाली तेच नाव आणि पुढे 'लेक रांगते'. मग 'लेक शाळेत'. मग 'गुडघा'. मग 'चष्मा'. आणि सगळ्यात शेवटी 'लेक गेल्यावर'.

त्यांनी एकेक उघडायला सुरुवात केली. मिस्त्री हळूच मागे येऊन उभे राहिले. पहिल्या ड्रॉइंगमध्ये ओटा होता, ह्या वेळी काकूंच्या मापाचा, आणि ओट्यापुढे अंबाडा घातलेली एक छोटी बाई रेषांनी काढलेली होती. गिऱ्हाइकांच्या ड्रॉइंगमध्ये काका कधी माणसं काढत नसत. 'लेक रांगते'मध्ये खालच्या सगळ्या कडा गोल केलेल्या होत्या. 'गुडघा'मध्ये खालची कपाटं जाऊन ओढायचे ड्रॉवर आले होते, वाकायला नको म्हणून. 'चष्मा'मध्ये दिवा पाठीमागून निघून समोर, वरच्या कपाटाखाली आला होता, आणि बाईची सावली कुठे पडेल ते तुटक रेषेनं दाखवलं होतं. ती ओट्यावर पडत नव्हती. कोपऱ्यातलं कपाट दर ड्रॉइंगमध्ये वेगळ्या तऱ्हेनं सोडवलं होतं आणि बाणाला जोडून लिहिलं होतं: विहीर बुजवणे.

शेवटच्यात खिडकीशी एक अरुंद टेबल होतं आणि समोरासमोर दोनच खुर्च्या.

काकूंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत लावला. मग पुन्हा काढला.

"एवढी ड्रॉइंगं," त्यांनी विचारलं, "आणि बसवलेली एक फळी नाही?"

"सांगतो ना," काका म्हणाले. त्यांनी ओला शर्ट चिमटीत धरला होता. "गिऱ्हाइकाचं काही चुकलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडायला येतं. मग मी दुरुस्त करतो. तुझं चुकलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? चालतंय. पहिल्यांदा विचारलं तेव्हाही तू हेच म्हणालीस. चुकलेल्या ओट्यावर जन्मभर काम केलं असतंस आणि मला कळलंही नसतं. म्हणून म्हटलं, बिनचूक होऊ दे, मग करू. बिनचूक होईपर्यंत तुझा गुडघा दुखायला लागायचा."

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली, पाहिली आणि परत ठेवली.

काकूंना रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्हीपेक्षा जास्त राग येत होता, त्यातला निम्मा स्वतःवर. शेजारणीपाशी, लेकीपाशी, भाजी चिरताना भिंतीपाशी त्यांनी त्या ड्रॉवरचा उद्धार केला होता. पण हा माणूस समोर कागद घेऊन बसला की त्यांच्या तोंडून तेवढे तीनच शब्द निघत. त्याला 'हे हवं' असं म्हटल्याचं त्यांना काही केल्या आठवेना.

"कुठलं छापू मग?" मिस्त्रींनी भीत भीत विचारलं.

"शेवटचं," काकू म्हणाल्या. मग पडद्याजवळ वाकल्या. "थांबा. माझ्या खुर्चीचं तोंड भिंतीकडे का केलंय? मला खिडकीकडे तोंड करून बसायचंय. आणि चहाचे डबे एवढे वर कोण काढणार? खाली घ्या. आणि ह्या बाईचा अंबाडा एवढा मोठा? माझा कधी होता एवढा?"

काकांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड आला. त्यांनी दुसरी खुर्ची ओढली, कागद घेतला, पेन्सिल मिळेना म्हणून मिस्त्रींच्या कानावरची काढून घेतली. "खिडकीकडे तोंड. डबे खाली. आणखी?"

"ड्रॉवर एका बोटानं बंद झाला पाहिजे."

"एका बोटानं. आणखी?"

"आणखी सांगते. लिहा तुम्ही."

सांगणं चांगलंच लांबलं. मिस्त्रींनी बाहेर जाऊन हॉटेलवाल्यांना फोन केला आणि जमणार नाही म्हणून सांगितलं. परत येऊन ते मापं घ्यायला जिना चढून वर गेले. वरून ड्रॉवर अडकल्याचा ओळखीचा आवाज आला आणि पाठोपाठ मिस्त्रींची एक शिवी.

शेवटी काकूंनी काकांना बाजूला सरकवलं आणि माऊस हातात घेतला. फोल्डरवर जाऊन त्यांनी जुनं नाव पुसलं आणि एका बोटानं, सावकाश, नवं लिहिलं: 'मला खिडकीकडे तोंड करून बसायचंय आणि उद्यापासून काम सुरू करा'.

काकांनी मान पुढे काढून ते वाचलं.

"फार लांब झालं गं नाव. पट्टीत मावणार नाही."

"चालवून घ्या," काकू म्हणाल्या.